इंजिन मागे, हत्ती पुढे

भाच्याने मोबाईलवर निलगिरीच्या टूरचं पत्रक पाठवलं, त्यात दोनच फोटो होते. डावीकडे धूर ओकणारं इंजिन, उजवीकडे वाघ. खाली ठळक अक्षरांत, 'एका दिवसात दोन्ही!' मी लगेच फोन लावला. म्हटलं, "वाघ दिसणार नाही, आणि वाफेचं इंजिन उटीपर्यंत जातच नाही, कुन्नूरला काढतात. पैसे भरलेस का?"

"भरले की मावशी. तुझेपण."

मग काय बोलणार? भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत, पण जीव सगळा पाखरांत आणि जनावरांत. गळ्यात दुर्बीण, खिशात वही, आणि जे दिसेल ते वहीत. मी मिरजेची, बत्तीस वर्षं भूगोल शिकवून घरी बसलेली. त्याला जंगल बघायचं होतं, मला इंजिन. टूरवाल्यांनी बहुतेक आमच्यासारख्याच जोड्या डोळ्यांसमोर ठेवून ही सहल काढली असावी.

मला हे इंजिनाचं वेड कुठून लागलं ते सांगते. आमचे अण्णा मीटरगेजवर फायरमन होते. मिरज म्हणजे रेल्वेचं गाव. १९७१ साली पुणे-कोल्हापूर लाइन ब्रॉडगेज झाली, बेळगाव-हुबळीकडची मीटरगेज तशीच राहिली, आणि कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइट तर अडीच फुटी. एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ. पोरांना गेज शिकवायला मला फळ्याची गरज नव्हती, पुलावर नेऊन उभं केलं की धडा संपला.

रात्री-अपरात्री कॉलमन दारात येऊन हाक मारायचा. आई अंधारातच स्टोव्ह पेटवायची, अण्णा डबा घेऊन निघायचे. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते, तांदूळ सांडल्यासारखे. मी सातएक वर्षांची असताना एकदाच त्यांनी मला यार्डात उभ्या असलेल्या मीटरगेजच्या वायजी जातीच्या इंजिनावर चढवलं. ड्रायव्हर खाली चहा पीत होता. भट्टीच्या दाराकडे बघायचं माझं धाडस होईना. अण्णांनी एका उभ्या काचेच्या नळीवर बोट ठेवलं. म्हणाले, "पोरी, ही काच बघायची. हिच्यातलं पाणी उतरलं की घात. ड्रायव्हर रूळ बघतो, आपण काच बघायची." मला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही त्यांनी. कायम 'पोरी'.

पुढे कोळशाची इंजिनं गेली, अण्णा डिझेलवर असिस्टंट झाले आणि असिस्टंट म्हणूनच रिटायर झाले. ड्रायव्हर का झाले नाहीत, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

तर, फेब्रुवारीतल्या एका पहाटे पाच वाजता कोइंबतूरच्या लॉजवरून गाडीने आम्हाला उचललं. एकूण अकरा जण. गाईड कुन्नूरजवळच्या बडगा समाजाच्या वस्तीतला, पंचविशीचा पोरगा. तमिळमध्ये धाकट्या भावाला 'तंबी' म्हणतात, ते कोणीतरी म्हणालं आणि दिवसभर तो सगळ्यांचा तंबी झाला. हिंदी, इंग्रजी आणि हातवारे, तिन्ही भाषा त्याला उत्तम येत होत्या.

घाटाच्या पायथ्याशी मेट्टुपालयमला चेन्नईहून रात्रभर धावून आलेली नीलगिरी एक्सप्रेस उभी असते आणि तिच्यातून उतरलेली माणसं थेट उटीला जाणाऱ्या छोट्या गाडीकडे पळत सुटतात. आमचा ग्रुपही पळाला, इंजिनासोबत फोटो काढायला, गाडीच्या पुढच्या टोकाला. तिथे इंजिनच नाही! निळ्या-पिवळट रंगाचा डबा, त्याला पुढे मोकळा ओटा आणि त्यावर हातात दोन झेंड्या घेतलेला एक माणूस. बस्स. बेंगळुरूची एक बाई गोंधळून म्हणाली, "इंजिन अजून लावलं नाही वाटतं."

इंजिन मागे होतं. या घाटात चढताना इंजिन कायम खालच्या बाजूला असतं आणि डबे वर ढकलत नेतं. साडेबारा फुटांना एक फूट असा चढ आहे. मध्ये एखादी जोडणी तुटलीच तर डबे मागे घरंगळून थेट इंजिनावर टेकावेत, दरीत जाऊ नयेत, हा हिशेब. पण मग इंजिनाच्या ड्रायव्हरला पुढचं काहीच दिसत नाही. त्याच्यासमोर डब्याची पाठ. पुढे दरड पडलीय, म्हैस बसलीय की हत्ती उभा आहे, हे बघायचं त्या झेंडीवाल्याने. प्रत्येक डब्याच्या पुढच्या ओट्यावर असा एकेक ब्रेक्समन असतो. पहिल्याने झेंडी दाखवली की दुसरा ती पुढे देतो, म्हणजे खरं तर मागे, असं करत निरोप इंजिनापर्यंत पोचतो. इंजिनाने शिटी दिली की हेच सगळे आपापल्या डब्याचा हातब्रेक फिरवतात. एकशेपंचवीस वर्षांत हे बदललेलं नाही. मेट्टुपालयम ते कुन्नूर ही लाइन १८९९ साली सुरू झाली, उटीपर्यंत १९०८ साली पोचली.

मी मागे गेले. एक्स क्लास इंजिन. मूळ स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातली ही जात, अलीकडची काही तिरुचीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये बनली. वायजीच्या मानाने बुटकं, पण अंगाने भरलेलं. आणि त्याला एका बाजूला एकावर एक असे दोन सिलिंडर. खालचा नेहमीच्या चाकांसाठी, वरचा दातेरी चाकांसाठी. सपाटीला एकच जोडी चालते. चढ लागला की खालच्या सिलिंडरात वापरून झालेली वाफ वाया न घालवता वरच्यात सोडतात आणि दातेरी चाकं फिरवतात. म्हणजे एकाच वाफेकडून दोनदा काम. अण्णा बघते तर म्हणाले असते, आमच्या साहेबांसारखंच आहे की हे.

आमच्या इंजिनाला कोळसा नव्हता, तेलावर चालणारं होतं. फावडं नाही, ढीग नाही, ठिणग्याही बेताच्या. फायरमन एक चाकासारखा व्हॉल्व्ह जरा इकडे, जरा तिकडे करत होता आणि भट्टीतला घुमता आवाज त्याप्रमाणे कमीजास्त होत होता. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? वर चढू द्याल का, असं तंबीकडून विचारून घेतलं. ड्रायव्हरने हसून नकार दिला, बरोबरच आहे. मी प्लॅटफॉर्मवरूनच मान उंचावून बघितलं. फायरमन तिशीचा असेल. एका हाताने व्हॉल्व्ह, आणि नजर... नजर काचेच्या नळीवर.

७ वाजून १० मिनिटांनी गाडी सुटली.

इथे टूरवाल्यांचा पहिला गोंधळ उघडा पडला. या गाडीच्या डब्यांना आतून वाट नसते. प्रत्येक कप्प्याला बाहेरून स्वतंत्र दार, समोरासमोर दोन बाकं, मध्ये भिंत. अकरा जणांची तिकिटं तीन कप्प्यांत विभागलेली. 'गाईडसह सहल', पण गाईड भिंतीपलीकडे! बिचारा तंबी प्रत्येक थांब्याला उडी मारून खाली उतरायचा, आमच्या खिडकीशी यायचा आणि मागच्या अर्ध्या तासात आम्ही काय काय बघायला हवं होतं ते दोन मिनिटांत सांगून पुन्हा पळायचा. इतिहासाचे शिक्षक आमच्या शाळेत असंच करायचे, परीक्षेच्या आदल्या दिवशी.

भवानी नदी ओलांडली, सुपारीच्या बागा लागल्या आणि आठएक किलोमीटरवर कल्लार आलं. खरी गंमत इथून सुरू होते. दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या लागतात. दोन पट्ट्या, शेजारी शेजारी, पण एकीचा दात जिथे तिथे दुसरीची खाच. म्हणजे इंजिनाचं दातेरी चाक एका दातावरून सुटायच्या आत दुसऱ्यात अडकलेलं असतं, पूर्ण मोकळं असं कधीच नाही. गाडी जवळजवळ थांबते. मग चालत्या माणसाच्या वेगाने पुढे सरकते, मागून एक हलका हिसका बसतो, पायाखाली कटकट, कटकट असा दात पकडल्याचा आवाज येतो आणि पाठ बाकाला टेकते. चढ लागला.

भाचा दुर्बीण लावून बसलेलाच होता. एकदम ओरडला, "मावशी, लीद!"

रुळाला लागून, अगदी खडीवर, हत्तीची लीद. ताजी, ओली, वरून वाफ निघावी इतकी ताजी. पुढे दोन-तीन ठिकाणी बांबू मोडलेला, एका झाडाची साल सोललेली. कल्लारचा हा पट्टा म्हणजे हत्तींचा जुना येण्याजाण्याचा मार्ग. तंबीने पुढच्या थांब्याला खिडकीशी येऊन सांगितलं की कल्लार-बर्लियारच्या फळबागांत फणस धरला की हत्ती हमखास इकडे उतरतात, रूळ ओलांडतात, कधी रुळावरच उभे राहतात. मग गाडी थांबते. शिटी वाजवून घाई करायची नाही. पुढचा झेंडीवाला लाल झेंडी धरून उभा, मागचे सगळे तसेच, आणि हत्तींचं आवरेपर्यंत अडीचशे माणसं गप्प बसतात.

भाच्याने मग मला फोनवर एक जुना व्हिडिओ दाखवला. २०२२ सालचा. याच लाइनवरच्या हिलग्रोव्ह स्टेशनच्या बाजूला रुळाकडेला नवीन संरक्षक भिंत बांधली होती. तिच्यापाशी हत्तींचा एक कळप येऊन अडकलेला, पिल्लू सोबत, पुढे वाट नाही. मोठी हत्तीण भिंतीशी जाते, परत फिरते, पुन्हा जाते. तो व्हिडिओ देशभर फिरला, आरडाओरडा झाला आणि भिंत पाडावी लागली. आमची गाडी त्या जागेवरून जात असणार, पण नेमकी कुठली ते काही ओळखता आलं नाही. सगळीकडे हिरवंच.

पुढे बोगदे सुरू झाले. सोळा आहेत एकूण, पूल अडीचशे, वळणं दोनशे आठ. हे आकडे मी वर्गात पाठ करून घेतले असते, आता मात्र मोजायचे सोडून दिले. शेजारच्या कप्प्यातली पोरं प्रत्येक बोगद्यात जीव खाऊन किंचाळत होती. धूर आत यायचा, तेलकट, डोळ्यांना झोंबणारा. कोळशाच्या धुरासारखा नाही. कोळशाच्या धुराला मातीचा वास असतो.

एका वळणावर गाडी पूर्ण वाकली आणि खिडकीतून मागचं इंजिन दिसलं. दोन्ही मजल्यांचे दट्टे वेगवेगळ्या तालात चाललेले, आणि सगळं ओझं खांद्यावर घेऊन ते बुटकं इंजिन दरीच्या कडेने वर येतंय. वेग ताशी दहा किलोमीटर. सायकलवाला सहज पुढे जाईल. त्याच वेळी भाचा दुसऱ्या खिडकीतून वर बघत होता. "शेकरू! मावशी, शेकरू!" आपल्या भीमाशंकरचं शेकरू माझ्या डोळ्यांसमोर असतं ते तांबूस. हे पाठीवर जवळजवळ काळं, पोटाला पिवळसर, शेपूट फांदीवरून खाली सोडलेली, आणि गाडीकडे ढुंकूनही न बघता काहीतरी सोलून खात बसलेलं. त्याला बघायला मी वळले आणि इंजिन गेलं. दोघांनी एकमेकांना म्हटलं, "तू बघितलंस का?" आणि दोघांनी एकाच वेळी, "नाही."

हिलग्रोव्हला इंजिन पाणी पितं. हा या प्रवासातला मोठा मुक्काम, आणि गाडीत संडास नसल्याने माणसांनाही त्याची गरज असते. चहा-वड्याची टपरीवजा कँटीन, समोर डोंगर, आणि प्लॅटफॉर्मभर माकडं. गाडी येण्याची वेळ त्यांना आपल्यापेक्षा चांगली माहीत. ती सगळी ओळीत बसलेली, लग्नात पंगत धरून बसतात तशी.

आता माझी चूक सांगते. निलगिरी जिल्ह्यात प्लास्टिकवर कडक बंदी, नाक्यावर पिशव्या तपासतात, म्हणून मी घरून आणलेलं भडंग स्टीलच्या डब्यात भरलं होतं. लसणाचं, जयसिंगपूरचं, वर घरचे तळलेले शेंगदाणे. इंजिनाच्या नळाकडे बघता बघता मी डबा उघडून मांडीवर ठेवला. दाराशी सावली हलली एवढंच कळलं. एका माकडिणीने डब्यात हात घातला, दुसऱ्या हाताने डबा कलंडला, आणि निम्मं भडंग फलाटावर. ओरडायचं सोडून मी बघतच बसले, कारण तिने मुरमुऱ्याला हातसुद्धा लावला नाही. एकेक शेंगदाणा चिमटीत धरून, तिखट झटकल्यासारखं करून, तोंडात. पोटाला चिकटलेलं पिल्लू तिच्या हनुवटीकडे बघतंय. माझी आई असंच निवडायची गहू.

तंबी धावत आला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा कडक झाला. त्याने काठी आपटून तिला हाकललं आणि मला म्हणाला, "अम्मा, हे खायला शिकली की ही जंगलात परत जात नाहीत." मी खाली उतरले, पुढच्या माकडांनी ताबा घ्यायच्या आत ओंजळीने भडंग गोळा केलं. भाच्यानेही वाकून मदत केली. राहिलेला डबा झाकण लावून पिशवीच्या तळाशी.

इतकं होईपर्यंत इंजिनाचं पाणी भरून झालं होतं.

कुन्नूरला ते इंजिन सुटलं आणि डिझेल लागलं. आमच्यातले दोघे तंबीवर चिडले, पत्रकात तर पूर्ण प्रवासाचा फोटो होता म्हणे. खरं तर चूक पत्रक छापणाऱ्यांची, शिव्या मात्र खिडकीशी उभ्या असलेल्या पोराला. मी मध्ये पडले नाही, याची नंतर लाज वाटली. इंजिन हळूहळू शेडकडे निघालं. फायरमन बाहेर डोकं काढून रुमालाने मान पुसत होता. मी हात हलवला. त्याने पाहिलं नाही.

पुढचा रस्ता देखणा आहे, वेलिंग्टनची छावणी, अरुवनकाडूचा कारखाना, केट्टीचं खोरं, लव्हडेल. पण दातेरी पट्टी संपते, डिझेल घरघरत पळतं आणि माझा अर्धा जीव मागे राहिला होता. भाचा मात्र खूश. चहाच्या मळ्यात पाच गवे. दाजीपूरला आम्ही गव्यासाठी दोन दिवस धुक्यात बसलो होतो, चार शेपट्या दिसल्या. इथे ते मळ्याच्या ओळींतून पांढरे मोजे घातल्यासारखे निवांत फिरत होते आणि वीस हातांवर बाया पानं खुडत होत्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

दुपारी बाराच्या सुमारास उटी. तिथे थांबलो ते जेवणापुरतं. बरं झालं.

उटीहून मुदुमलाईच्या जंगलाकडे उतरणाऱ्या कलहट्टीच्या घाटात छत्तीस वळणं आहेत आणि प्रत्येकावर नंबराची पाटी, म्हणजे किती उरलीत याची चिंता करायची सोय. आमच्या गाडीचा नंबर टीएन ४३, निलगिरीचा. ड्रायव्हर पहिल्या गियरमध्ये, ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनाच्याच ताकदीवर उतरत होता. तंबी आता भिंतीपलीकडे नव्हता आणि पाचएक तासांचं साठलेलं सगळं बोलून घेत होता. जसजसं उतरलो तसतसं थंडी गेली, हिरवं गेलं, साग लागला. पानं झडलेला, आणि खाली जिकडे बघावं तिकडे घाणेरी. शाळेच्या कुंपणाला असते तीच. इथे तिने जंगलच गिळलंय, चितळांना गवत उरत नाही. त्याच घाणेरीच्या लाकडाचे हत्ती इथले आदिवासी कारागीर घडवतात, असं तंबी म्हणाला.

मुदुमलाईचं अभयारण्य १९४० सालचं, २००७ पासून व्याघ्र प्रकल्प. पलीकडे कर्नाटकाचं बंदीपूर, तिकडे केरळचं वायनाड, जनावरांना तिन्ही राज्यांची सरहद्द माहीत नाही. वनखात्याच्या बसमधून तासभर हिंडलो. चितळ, मोर, राखी रानकोंबडा, लांबवर जंगली हत्तींच्या दोन पाठी. बस जुनी, खडखडाट इतका की मला वाटलं यापेक्षा आमचं इंजिन शांत होतं. आणि अचानक रस्ता ओलांडून तीन तांबडी कुत्री गेली, झुपकेदार काळी शेपटी, एकामागे एक, कामावर निघाल्यासारखी. भाचा उभाच राहिला. "कोळसून!" त्याचा आवाज फाटला. वाघापेक्षा हे मोठं म्हणे. मी म्हटलं, चला, कोळसा नाही तर नाही, कोळसून तरी.

साडेपाचला थेप्पकाडूच्या हत्ती कॅम्पात पोचलो. मोयार नदीच्या काठी. ब्रिटिश अमदानीत जंगलातलं लाकूड ओढायला इथे हत्ती ठेवले. आता लाकूड ओढत नाहीत. शेतात घुसलेल्या जंगली हत्तींना परत हाकायला इथले तयार हत्ती नेतात, त्यांना कुमकी म्हणतात. आमच्यासमोर संध्याकाळचं जेवण चाललं होतं. भिंतीवर फळा, प्रत्येक हत्तीचं नाव आणि त्याचा शिधा: नाचणी, हुलगे, तांदूळ, गूळ, मीठ, नारळ. ओट्यावर नाचणीच्या घट्ट उकडीचे विटांएवढे ठोकळे मांडलेले. हुलग्याचा वास आला आणि मला आमच्या स्वयंपाकघराची आठवण झाली, हुलग्याचं माडगं.

तंबीने सांगितलं, एका हत्तीला दोन माणसं. एक माहूत, दुसरा कवडी. माहूत मानेवर बसतो, हुकूम देतो, हत्ती त्याचा. कवडी चारा तोडून आणतो, अंघोळ घालतो, पाय तपासतो, रात्री साखळी बघतो. पुष्कळ घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

बाकी सगळे हत्तीकडे बघत होते. मी त्या दुसऱ्या माणसाकडे बघत राहिले. पन्नाशीचा, काळा, शिडशिडीत, खाकी अर्धी चड्डी. त्याने ठोकळा घेतला, मध्ये गुळाचा खडा दाबला, दोन्ही तळव्यांत मुटक्यासारखा वळला. हत्तीने तोंड उघडलं. कवडीने हात मनगटाच्या वर आत घातला, ठोकळा थेट जिभेच्या मागे ठेवला आणि हात सावकाश बाहेर काढला. घाई नाही. हत्ती चावत असताना तो त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे बघत होता, एकटक. माहूत तोपर्यंत पर्यटकांना हत्तीचं वय सांगत होता.

अण्णा भट्टीचं दार उघडून फावडं आत घालायचे तेव्हा त्यांचा हात असाच आत जात असेल. मी तेव्हा बघितलं नव्हतं, घाबरून.

जेवण झालं, माहूत मानेवर चढला, हत्ती झाडांकडे निघाले. कवडी मागे राहिला. ओटा धुतला, घमेली पालथी घातली, आणि आमच्या गाडीजवळच्या नळावर हात धुवायला आला. मी तंबीला म्हटलं, विचार, किती वर्षं झाली?

"बावीस," तंबी म्हणाला. "एवढी वर्षं कवडीच."

माहूत कधी होणार, असं विचारायला तंबीने तोंड उघडलं, मी त्याचा हात धरला. नको म्हटलं.

पिशवीच्या तळातून डबा काढला. जवळपास माकड नाही याची खात्री केली, भाच्याने तर मागेही बघितलं. झाकण काढून कवडीपुढे धरलं. त्याने आधी वास घेतला. मग ओले हात चड्डीला पुसले, मूठभर भडंग घेतलं, तोंडात टाकलं, लसूण लागली तशा भुवया वर गेल्या, आणि डब्याकडे बोट करून तो खळखळून हसत म्हणाला, "पोरी!"

मी दचकले.

"अम्मा, मुरमुऱ्याला आमच्याकडे पोरी म्हणतात," तंबी म्हणाला.

त्याने आणखी एक मूठ घेतली. मी डबा तसाच धरून उभी राहिले, आणि भाच्याने न विचारता वही मिटली.